ताट, वजन आणि रक्तातील साखर

(मंडळाच्या वर्धापनदिनी सांगवी येथे दिलेले व्याख्यान)



 बारामतीस माझा दवाखाना आहे आणि सांगवीच्या पुष्कळ घरांशी माझा त्या निमित्ताने परिचय आहे. काय बोलू, असे मी चालक भगिनींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "साखरेवर बोला." साखर कारखान्यांच्या मुलखात साखरेवर बोलायचे म्हणजे जरा धाडसच! पण त्यांना हवी होती ती पोत्यातली साखर नव्हे, रक्तातली. म्हणून आज मधुमेह आणि स्थूलता या विषयावर चार गोष्टी सांगणार आहे. त्या आपल्या स्वयंपाकघरातल्याच आहेत.

हा रोग शहरातल्या, बसून खाणाऱ्या, श्रीमंत माणसांचा आहे अशी समजूत फार दिवस होती. ती आता टिकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्यात खेड्यांतील लोकही पुष्कळ आहेत. आपल्या तालुक्याचेच पाहा ना. जिरायती भागात एकेकाळी ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि दिवसभराचे कष्ट होते. नीरेच्या कालव्याचे पाणी ज्या शिवारांना मिळाले तिथे ऊस आला, पैसा आला, गव्हाची पोळी रोजची झाली. मोटेच्या जागी मोटर, जात्याच्या जागी गिरणी आणि पायवाटेच्या जागी दुचाकी आली. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. जात्यावर पुन्हा बसा असे मी कोणास सांगणार नाही. परंतु श्रम घटले आणि ताट मात्र बदलले ते भलत्या दिशेने, एवढे लक्षात घेतले पाहिजे.

आता शरीरात काय घडते ते पाहू. आपण भाकरी, पोळी, भात, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ यांपैकी काहीही खाल्ले, तरी पोटात त्याची शेवटी मुख्यतः ग्लुकोज नावाची साखर होते व ती रक्तात येते. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून किती साखर असते, ठाऊक आहे? उपाशीपोटी अवघी पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. दोन चमचे साखर घातलेला चहा आपण एका दमात पितो, तेव्हा अंगातल्या साऱ्या रक्तात असते त्याच्या दुप्पट साखर पोटात जाते. तरीही निरोगी माणसाचे रक्त गोड होऊन बसत नाही. ही किमया इन्शुलिनची.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे इंद्रिय आहे. तिथून इन्शुलिन पाझरते. शरीरातल्या ग्रंथी रक्तात जी रसायने सोडतात आणि दूरच्या अवयवांना कामाचे निरोप पोचवितात, त्यांना संप्रेरके किंवा हॉर्मोन म्हणतात. इन्शुलिन हे त्यांतलेच एक. त्याचा निरोप सोपा आहे : "अन्न आले आहे, साखर आत घ्या, उरलेली साठवा." हा निरोप मिळताच स्नायू साखर उचलतात, यकृत थोडी आपल्या कोठीत टाकते, आणि कोठी भरली की राहिलेल्या साखरेची चरबी होते. म्हणजे तेल-तूप न खाताही नुसत्या भातपोळीवर आणि गोडावर माणूस लठ्ठ होऊ शकतो, ते असे.

या इन्शुलिनचा शोध कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी लाविला आणि १९२२ च्या जानेवारीत १४ वर्षांच्या एका मुलास ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी ज्या मुलांचे स्वादुपिंड इन्शुलिन बनविणेच थांबवीत असे, ती मुले काही काळातच दगावत. अशा मुलांना आजही इन्शुलिन टोचावेच लागते. पथ्याने किंवा पाल्याने त्यांचे भागत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण "पोराला रोज सुई नको" म्हणून इन्शुलिन बंद करणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

दवाखान्यात बाया मला नेहमी एक प्रश्न विचारतात : "बाई, रात्री मी दूधसुद्धा घेतले नाही, मग सकाळी साखर १६० कशी?" त्याचे उत्तर यकृताच्या कोठीत आहे. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतेच. म्हणून ग्लुकागॉन नावाचे दुसरे संप्रेरक यकृताला सांगते, "कोठी उघड." इन्शुलिन शाबूत असले म्हणजे ते या उघडण्यावर लगाम ठेवते. मधुमेहात लगाम सैल होतो आणि यकृत रात्रभर साखर सोडीत राहते. म्हणून नुसते उपाशी राहून मधुमेह जात नाही.

मग इन्शुलिन असूनही लगाम सैल का होतो? चरबी कातडीखाली, मांड्यांवर साठली तर ती तेवढी उपद्रवी नसते. पण तिथली जागा पुरेनाशी झाली की ती पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतातही साठू लागते. ही आतली चरबी यकृत आणि स्नायू यांना इन्शुलिनचा निरोप नीट ऐकू येऊ देत नाही. निरोप पोचत नाही म्हणून स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते. अधिक इन्शुलिन म्हणजे अधिक साठवण, आणि अधिक साठवण म्हणजे अधिक बहिरेपणा. असे वर्षानुवर्षे चालते, आणि एक दिवस स्वादुपिंड थकते. त्या दिवसापासून रक्तात साखर दिसू लागते. आपण म्हणतो, "मला गेल्या महिन्यात मधुमेह झाला." तो झालेला असतो त्याच्या कितीतरी आधी.

इथे कोणी म्हणेल, "मी तर बारीक आहे, मला भीती नाही." भगिनींनो, वजनकाट्यावर इतका विश्वास ठेवू नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण मोजल्यावर इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! वरून सारखे दिसणारे दोन देह आतून इतके निराळे. आपली माणसे दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी असतात. आपल्याकडे सुश्रुतानेही प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यातून आलेला. आणि पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल असतो असे म्हटले आहे. तेव्हा कृश माणसाचा मधुमेह आपल्या देशाला नवा नाही.

म्हणून वजनाबरोबर कंबर मोजावी. शिवणकामाची टेप घरोघर असते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेप न आवळता मोजावे. स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंचांहून आणि पुरुषाची ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचांहून अधिक भरली, तर रक्त तपासून घ्यावे.

आता खास आपल्या बायकांच्या गोष्टीकडे वळते. स्त्रीच्या आयुष्यात तीन वळणे अशी येतात की त्या वेळी इतर संप्रेरके इन्शुलिनच्या कामात ढवळाढवळ करतात.

पहिले वळण वयात येण्याचे. काही मुलींची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, चेहऱ्यावर लव वाढते, पुटकुळ्या येतात, वजन वाढते. पुष्कळदा याच्या मुळाशी वाढलेले इन्शुलिन असते. ते अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लाविते. डॉक्टर याला पीसीओएस म्हणतात. अशा मुलीला घरात टोमणे मिळतात आणि लग्नाची घाई केली जाते. तिला हवी असते ती तपासणी, व्यायाम आणि नीट आहार. वजन थोडेसे उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते.

दुसरे वळण बाळंतपणाचे. बाळाला साखर पुरावी म्हणून वार अशी संप्रेरके सोडते की आईच्या अंगात इन्शुलिनचा निरोप मंदावतो. जिचे स्वादुपिंड भक्कम ती जादा इन्शुलिन काढून निभावून नेते. जिचे दुबळे तिला गरोदरपणी मधुमेह होतो. त्याची खूण बाहेरून दिसत नाही. म्हणून गरोदर स्त्रीस ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर उपचार हवेत. ही तपासणी नाव नोंदविताना एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करावी, असे सरकारचेच मार्गदर्शन आहे. बाळंत झाल्यावर साखर उतरते म्हणून विसरू नये. सहा आठवड्यांनी आणि पुढेही तपासावे, कारण अशा बाईस पुढे मधुमेह होण्याचा संभव मोठा.

तिसरे वळण पाळी जाण्याचे. इस्ट्रोजेन कमी झाले की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. "खाणे तेच, पण पोट सुटले" ही तक्रार खोटी नसते. यात थायरॉइड मंद असेल तर वजनात थोडी भर पडते. तेही तपासावे, पण साऱ्या लठ्ठपणाचे खापर त्याच्यावर फोडू नये. आणि चिंता व जागरण यांनी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते. तेही साखर वाढविते. पहाटे चारला धार काढायला उठणारी आणि रात्री अकराला भांडी आवरणारी बाई नीट झोपली नाही, तर औषधाचा निम्मा गुण तिथेच जातो.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभी राहिले, ती सांगते. आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, १९९३ साली के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एक मोठा अभ्यास सुरू केला. सुमारे ८०० गर्भवतींची त्यांनी नोंद ठेविली. शेतावर कष्ट करणाऱ्या या बाया. गरोदर होण्यापूर्वी त्यांचे वजन सरासरी सुमारे ४२ किलो. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. पण नवल पुढेच आहे. आपली बाळे लहानखुरी खरी, परंतु त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव जितके लहान, तितकी त्यांची चरबी कमी नव्हती. बाळ दिसायला किडकिडीत, पण कातडीखालची चरबी जपलेली! म्हणजे त्या दोन डॉक्टरांमधला जो फरक मघाशी सांगितला, तो पाळण्यातच दिसून आला. ही मुले मोठी होत गेली तसतशी त्यांची तपासणी होत राहिली, आणि अठराव्या वर्षी त्यांतल्या कित्येक बारीक अंगाच्या मुलामुलींची साखर मर्यादेच्या वर आढळली.

हे कशामुळे? उपासमारीत वाढणारे बाळ मेंदू वाचविते आणि स्नायू, स्वादुपिंड यांत काटकसर करते. पुढे त्याच देहाला भरपूर पोळी, साखर आणि आराम मिळाला, की तोकड्या स्वादुपिंडाला तो भार झेपत नाही. त्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे सुदृढ होती. आणि ज्यांना गरोदरपणी जड कष्ट अधिक पडले, त्यांची बाळे लहान होती. शिवाय तीनांपैकी दोन आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. धान्यात आणि भाजीत ते नसते.

भगिनींनो, आता आपल्या घराकडे पाहा. आपल्या भागात गोठ्यात गाई आहेत. दूध संकलन केंद्रावर रोज किटली जाते. पण घरच्या सुनेच्या वाट्याला त्यातले किती येते? चहापुरते. आधी पुरुषांची जेवणे, मग मुलांची, मग आत्याबाईंची, आणि शेवटी सून बसते तेव्हा कालवणाचा रस्सा आणि उरलेली भाकरी असते. भाजी संपलेली असते. उसळीतले दाणे कुणाच्या तरी ताटात आधीच गेलेले असतात. पोट भरते, पण अंग भरत नाही. आणि त्याच घरात मामांना मधुमेह असतो, म्हणून त्यांची भाजी वेगळी शिजते! एका रोगाची मलमपट्टी आपण ओसरीवर करतो आणि पुढच्या पिढीचा तोच रोग स्वयंपाकघरात पेरतो. सून आणि लेक यांच्या ताटाकडे लक्ष दिल्याखेरीज या गावातून मधुमेह हटणार नाही, हे माझे आजचे मुख्य सांगणे आहे.

मग ताट कसे असावे? महाग काही नको. निम्म्या ताटात भाजी आणि कोशिंबीर : मेथी, शेपू, तांदुळजा, चुका, दोडका, गवार, मुळा, काकडी. पाव ताटात मटकी, मूग, हुलगा, वाल यांची उसळ किंवा घट्ट वरण. खाणाऱ्यांनी अंडे, मासे. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा पोळी किंवा भात. सोबत वाटीभर दही किंवा ताक. ज्वारी-बाजरीची भाकरी कोंड्यासह असते म्हणून ती हळू पचते. पण ती औषध नव्हे, चार भाकऱ्यांनी साखर वाढतेच. आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी, असे जेवले तर साखर हळू चढते. असे अन्न आतड्यांत गेले की तिथूनही पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरके निघतात. हल्ली वजन उतरविण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचण्याची जी महाग औषधे आली आहेत, ती त्यांतल्याच एकाच्या, जीएलपी-१ च्या, नमुन्यावर केलेली आहेत. ज्यांना ती खरोखर लागतात त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावी. इतरांनी आधी ताट सुधारावे.

गुळाविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. "साखर सोडली, आता गुळाचा चहा घेते," असे मला पुष्कळजणी अभिमानाने सांगतात. गूळ आणि साखर एकाच उसाच्या लेकी! गुळात थोडी खनिजे असतील, पण रक्तातली साखर तो तशीच वाढवितो. मधुमेह्याला दोन्ही सारखेच वर्ज्य.

तसेच उपासाचे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आणि फराळाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, खजूर, गोड रताळी. "एकादशी आणि दुप्पट खाशी" हे आपल्या आज्यांनीच म्हणून ठेविले आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपास करणे न करणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. करायचा तर राजगिरा, दही, ताक, दाणे, काकडी, फळ यांवर करावा. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हरताळकेचा कडक उपास मुळीच करू नये. औषध घेऊन पोट रिकामे राहिले तर साखर एकदम उतरते. घाम फुटणे, हात कापणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तिची लक्षणे. त्या वेळी मात्र साखर हेच औषध : तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठावा.

आणि चालणे. स्नायू काम करू लागले की इन्शुलिनच्या निरोपाची फारशी वाट न पाहता साखर उचलतात. "घरकाम होतेच की," असे म्हणू नका. घरकामात अंग शिणते, पण दमसास वाढत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे आणि दिवसातून एकदा अर्धा तास भरभर चालावे. एकटीला संकोच वाटतो, चौघीजणींना वाटत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आहार आणि चालणे सुधारले, तर रोग होण्याचा संभव चतुर्थांशाहून अधिक घटतो, असे चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली दाखवून दिले आहे.

शेवटी मंडळाकडे तीन मागण्या करते. पहिली, तीस वर्षांवरील प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा कंबर, रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय आहे. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा त्याहून अधिक पुन्हा पुन्हा आली तर तो मधुमेह समजावा. दुसरी, गावातल्या प्रत्येक गरोदर स्त्रीची साखर तपासली गेली की नाही, याची चौकशी मंडळाने आशाताईंच्या बरोबरीने करावी. तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे. रात्रीचे जेवण घरातल्या सर्वांनी एका पंगतीत बसून करावे, आणि घरच्या दुधातला एक पेला सुनेसाठी व एक लेकीसाठी किटली भरण्याआधी बाजूला काढावा. यास खर्च काही नाही. सासूबाईंचा शब्द पुरे. इथे बसलेल्या आत्याबाईंनी मनावर घेतले तर आज रात्रीपासूनही सुरुवात होईल.